बेस गिटार खालच्या सुरात लावायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कळव्याला राहतो, बेस वाजवायला लागून चौदा वर्षं झाली. शनिवार-रविवार ऐरोलीच्या एका जॅमरूममध्ये आमचा हेवी बँड असतो आणि बाकी वेळ मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात, कधी गडकरी रंगायतन, कधी वाशीचं विष्णुदास भावे. दोन्हीकडे बेस खाली उतरवून वाजवायची वेळ येते आणि दोन्हीकडची पोरं तेच तेच प्रश्न विचारतात, परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये माझी गिगबॅग बघून एकाने घणसोलीपासून तुर्भ्यापर्यंत हेच विचारलं. म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

खालचं ट्यूनिंग म्हणजे नेमकं काय?

चार तारांचा बेस नेहमी ई-ए-डी-जी असा लावतात, सगळ्यात जाड तार ई. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. गिटारच्या वरच्या चार जाड तारांसारखंच, फक्त एक सप्तक खाली. १९५१ मध्ये फेंडरने प्रिसिजन बेस काढला तेव्हापासून हेच चालत आलंय, आणि तेही उभ्या डबल बेसवरून घेतलेलं. मोकळी, म्हणजे न दाबलेली, ई साधारण ४१ हर्ट्झ. याच्या खाली जाण्यासाठी एक तार किंवा सगळ्या तारा उतरवल्या की झालं खालचं ट्यूनिंग.

कुठली कुठली प्रचलित आहेत?

सगळ्यात सोपं म्हणजे अर्धा सूर उतरवणं, सगळ्या तारा एकेक घर खाली, बोटांच्या जागा त्याच राहतात, बरेच रॉक बँड गायकाच्या गळ्याला आराम म्हणून हे करतात. मग ड्रॉप डी, यात फक्त ई तार डीवर आणायची, बाकी तिन्ही तशाच. मग डी स्टँडर्ड, म्हणजे सगळंच एक पूर्ण सूर खाली, डी-जी-सी-एफ. त्यातली जाड तार आणखी एक सूर खाली नेली की ड्रॉप सी, म्हणजे सी-जी-सी-एफ. आणि शेवटी बी-ई-ए-डी, यात चार तारांच्या बेसवर पाच तारांच्या सेटमधल्या वरच्या चार जाड तारा चढवतात, सगळ्यात पातळ जी तारेला रजा. याच्याही खाली लोक जातात, कॉर्न या मेटल बँडमध्ये बेसिस्ट फील्डी पाच तारांचा बेस ए-डी-जी-सी-एफ असा लावायचा, म्हणजे मोकळी तार साडेसत्तावीस हर्ट्झ. तिथे जायच्या आधी खालचं सगळं नीट वाचा.

चावी सैल केली की झालं ना? त्यात एवढं काय आहे?

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं, म्हणून याच्यावर जरा जास्त लिहितो.

तारेचा ताण हा सुराच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. म्हणजे सूर थोडा उतरला तर ताण बराच उतरतो. समजा १०५ गेजची, म्हणजे ०.१०५ इंच जाडीची, ई तार आहे आणि तिच्यावर साधारण ४० पाउंड ताण आहे. अर्धा सूर उतरवलात तर ११ टक्के गेला, जाणवतं पण चालतं. पूर्ण सूर, म्हणजे डी, तर २१ टक्के गेला, ३२ पाउंडाच्या आसपास आलात. सीवर नेलीत तर ३७ टक्के गेला, राहिले २५. आणि तीच तार बीपर्यंत उतरवलीत तर जवळजवळ ४४ टक्के ताण गेलेला असतो, ती तार राहतच नाही, कपडे वाळत घालायची दोरी होते.

बरं, सैल तारेचा त्रास फक्त खडखड एवढाच नसतो. सैल तार जोरात छेडली की सुरुवातीला ती चढी वाजते आणि मग हळूहळू खाली खऱ्या सुरावर येते. ट्यूनर बरोबर दाखवत असतो, तुम्ही म्हणता मी सुरात आहे, आणि तरी बँड बेसूर वाटतो, कारण ऐकणारा तो पहिला झटकाच ऐकतो. बोटाने दाबतानाही तेच, जरा जास्त दाबलं की सूर चढला. माझी पहिली तीन वर्षं याच्यात गेली. मला वाटायचं माझे कान कच्चे आहेत, मी रोज तासभर सूर ओळखायचा रियाज करायचो, आणि मग एका सीनियर बेसिस्टने माझा बेस हातात घेतला, अंगठ्याने जाड तार वर-खाली हलवून बघितली आणि म्हणाला, "अरे कान ठीक आहेत तुझे, तार बदल." त्या आठवड्यात जाड सेट टाकला आणि निम्मा प्रॉब्लेम तिथेच संपला.

तेव्हा खाली जायचं असेल तर तार सैल सोडू नका, जाड तार लावा. बाकीचं सगळं याच्यानंतर.

मग किती जाड?

ढोबळ हिशोब असा की ताण तेवढाच ठेवायचा असेल तर सूर जितक्या पटीने खाली गेला तितक्या पटीने तार जाड हवी. ई ला १०५ वापरत असाल तर डी ला ११८ च्या जवळपास, सी ला १३२, बी ला १४०. बाजारात पाच तारांच्या सेटमध्ये बी तार बहुतेक १२५ ते १३५ मिळते, म्हणजे बी थोडी मऊ राहणारच, त्याची सवय होते. १३० ची बी असेल तर ताण १०५ च्या ई पेक्षा साधारण १४ टक्के कमी भरतो.

माझं मत विचाराल तर अर्ध्या सुरासाठी काही बदलू नका. ड्रॉप डी अधूनमधून लागत असेल तरी १०५ चालते, ११० असेल तर उत्तम. कायम डी स्टँडर्डमध्ये असाल तर ११० ते ११५ पासून सुरू होणारा सेट बघा. सी किंवा खाली जायचं तर सरळ पाच तारांचा सेट घ्या आणि जी तार पाकिटातच राहू दे.

आणखी एक, फक्त जाडी बघू नका. खूप जाड तार आखूड आणि ताठ वागते, तिचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर, सुरात राहत नाहीत, त्यामुळे आवाज ठोकळ्यासारखा येतो. काही कंपन्या ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तार अडकवतात तिथे, निमुळती होत जाणारी बी तार बनवतात, तिचा फरक खरोखर ऐकू येतो. आणि निकेलपेक्षा स्टीलच्या तारा खालच्या सुरात जास्त स्पष्ट वाजतात, फक्त बोटं आणि फ्रेट, म्हणजे नेकवरच्या (दांडीवरच्या) धातूच्या पट्ट्या, दोन्ही जास्त झिजतात.

चार तारांच्या बेसवर बी-ई-ए-डी खरंच चालतं का?

चालतं, माझा दुसरा बेस गेली सहा वर्षं तसाच आहे. पण नटचं, म्हणजे चाव्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिचं, काम करावं लागतं आणि तिथे घाई केलीत तर पस्तावाल.

नटमधली ई ची खाच १०५ च्या तारेसाठी कापलेली असते. १३० ची तार त्यात बसत नाही, वरच अडकून राहते, मग पहिल्या फ्रेटवर तार उंच आणि सूर चढा. म्हणून खाच रुंद करावी लागते. रुंद, खोल नाही! हे वाक्य दुकानात बेस देताना दोनदा सांगा. माझा बेस मी एका दुकानात दिला होता, तिथल्या माणसाने साध्या सुईकानशीने खाच घासली आणि ती खाली पण गेली, घरी आणून मोकळी बी वाजवली तर पहिल्या फ्रेटवर आपटत होती, झ्र्र झ्र्र. बाकी कुठेही बोट ठेवलं की आवाज स्वच्छ. हीच ओळखायची खूण: मोकळी तार खडखडते आणि दाबलेली नाही, म्हणजे खाच खोल गेली. तात्पुरता इलाज म्हणून खाचेत खायचा सोडा चिमूटभर भरून वर फेविक्विकचा एक थेंब टाकतात, लगेच दगडासारखं होतं, मग त्यातून नव्याने खाच काढायची. मी तेच केलं आणि दोन वर्षं चाललं, पण शेवटी नवा नट बसवलाच.

चांगला मार्ग म्हणजे आधीपासूनच दुसरा नट घ्या, तो जाड तारांसाठी कापून घ्या, आणि मूळ नट जपून ठेवा. हाताने करत असाल तर दोन-चार घासे मारले की तार ठेवून बघा, परत दोन-चार घासे, असं. खाचेचा उतार चावीच्या दिशेने खाली असला पाहिजे म्हणजे तार नटच्या अगदी पुढच्या कडेवर टेकते.

याशिवाय दोन गोष्टी विकत घ्यायच्या आधी तपासा. चावीच्या खांबाच्या भोकात जाड तार जाते का, आणि ब्रिजच्या भोकातून जाते का. बऱ्याच तारांचं टोक निमुळतं असतं म्हणून जाते, पण सगळ्यांचं नसतं. आणि तारेला वळण देण्याआधी ती कापू नका, आधीच कापली तर तिचं वेटोळं सुटतं आणि तार मेली.

जाड तारा लावल्यावर नेकचं काय होतं? ट्रस रॉडला हात लावायचा का?

नेकवर एका बाजूने तारा ओढत असतात आणि दुसऱ्या बाजूने आतला ट्रस रॉड. तारा सैल केल्या की रॉड जिंकतो, नेक मागे झुकते, आणि पहिल्या पाच फ्रेटांवर खडखड सुरू होते. लोक मग ब्रिजवरून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, वाढवत बसतात आणि बेस वाजवायला जड होतो, प्रॉब्लेम भलतीकडेच असतो.

तपासायचं असं. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेटमध्ये फट किती आहे बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे ०.३ ते ०.४ मिलिमीटर, असावी. फटच नसेल तर रॉड किंचित सैल करायचा, घड्याळाच्या उलट दिशेला. जास्त असेल तर घट्ट. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीच नाही, आणि मग बेस रात्रभर ठेवून सकाळी परत बघा, लाकूड लगेच हलत नाही. पाना फिरत नसेल तर जोर करू नका, जाणकाराकडे न्या.

बी-ई-ए-डी साठी पाच तारांच्या सेटमधल्या चार तारा लावल्यात तर एकूण ताण नेहमीच्या जवळपासच राहतो, जरासा कमी, त्यामुळे नेकला फारसं काही होत नाही. उलट त्याच जुन्या तारा सैल करून वाजवणाऱ्यांनाच नेकचा त्रास जास्त.

शेवटी इन्टोनेशन, म्हणजे नेकवर कुठेही दाबलं तरी सूर बरोबर येणं. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर त्या तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे न्या, नटपासून लांब. खाली ट्यून केलेल्या जाड तारेचं सॅडल नेहमी मागेच जातं, काही स्वस्त बेसवर ते इतकं मागे जातं की स्प्रिंग दबून जागाच संपते, तेव्हा लोक ती स्प्रिंग काढून टाकतात, त्याने काही बिघडत नाही.

ट्यूनर खालची तार पकडतच नाही, काटा नाचत राहतो.

३०-३५ हर्ट्झवर बऱ्याच क्लिपवाल्या ट्यूनरना कळतच नाही काय चाललंय. बाराव्या फ्रेटवर हलकं बोट ठेवून हार्मोनिक वाजवा, सूर एक सप्तक वर येतो आणि काटा स्थिर होतो. टोन नॉब खाली करा, नेकजवळचा पिकअप वापरा, आणि केबलवाला ट्यूनर असेल तर अजून चांगलं.

ड्रॉप डी ला तर ट्यूनर पण लागत नाही. उतरवलेल्या तारेचं बाराव्या फ्रेटचं हार्मोनिक आणि मोकळी डी तार, दोन्ही एकदम वाजवा, लाटा थांबल्या की लागली तार. तंबोरा लावताना जोडीच्या तारा जुळवतात ना, अगदी तसंच ऐकायचं. आणि सूर नेहमी खालून वर आणा. वरून खाली आणलात तर नटच्या खाचेत तार अडकलेली असते, दोन फटके मारले की सुटते आणि तुम्ही बेसूर.

आमचा गिटारवाला ड्रॉप सी मध्ये गेलाय, मलाही जायलाच हवं का?

नाही, जायलाच हवं असं काही नाही, आणि हे कोणी सांगत नाही. गिटारची ड्रॉप सी मधली मोकळी जाड तार म्हणजे साधारण ६५ हर्ट्झ. तोच सूर तुमच्या स्टँडर्ड बेसवर ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आहे. तुम्ही तिथे वाजवलंत तर गिटारबरोबर एकाच सप्तकात आलात, रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा तुकडा, घट्ट आणि टोकदार होतो. पण खालचं ते भारदस्त अंग येत नाही, त्यासाठी एक सप्तक खालचा ३२-३३ हर्ट्झचा सी हवा आणि तो स्टँडर्ड बेसवर नाहीच.

आमच्या बँडमध्ये आम्ही गाण्यागणिक ठरवतो. फास्ट गाण्यात, ड्रमरचा डबल किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम, दोन्ही पायांनी) चालू असताना, मी मुद्दाम वर राहतो, कारण एवढ्या वेगात ३२ हर्ट्झचे सूर एकमेकांत मिसळून जातात, एक सूर नीट उभा राहायच्या आत दुसरा येतो. संथ, जड गाण्यात मात्र खाली जातो, आणि तिथे एकेक सूर लांबवायला मिळाला की जॅमरूमचा दरवाजा थरथरतो.

हे संथ-जड सुरांचं वेड आलं कुठून ते पण सांगतो, कारण ती गोष्ट मला फार जवळची आहे. ब्लॅक सबाथचा गिटारिस्ट टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेट दाबायचा हात तोच. पुढे तारा दाबायला सोप्या जाव्यात हे एक कारण होतं की त्याने सूर उतरवले, १९७१ च्या त्यांच्या अल्बममधली काही गाणी दीड सूर खाली, सी शार्पमध्ये आहेत, आणि बेसिस्ट गीझर बटलरही सोबत खाली गेला. एका माणसाच्या दुखऱ्या बोटांपायी एक आख्खा आवाज जन्माला आला.

ऑर्केस्ट्रात, मराठी गाण्यांना याचा काही उपयोग आहे का?

आहे, आणि माझ्या मते मेटलपेक्षा जास्त आहे. आपल्याकडे गाणं गायकाच्या पट्टीवर ठरतं. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि मोकळा होतो, बेसवाल्याला तसं बटण नाही. गायक म्हणाला काळी एक, म्हणजे सी शार्प, तर स्टँडर्ड बेसवर सगळ्यात खालचा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर. त्याच्या खाली कोमल गंधारापर्यंत जाता येतं, पण खर्जातला षड्ज नाही. बी-ई-ए-डी वर तोच षड्ज बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळतो, जेमतेम ३५ हर्ट्झ.

एकदा गडकरीला तालीम होती, अभंगाचा कार्यक्रम, काळी एक. तबला लावून झाला होता, इलेक्ट्रॉनिक तंबोरा सुरू, गाणाऱ्या ताईंनी आलाप सुरू केला आणि मी बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर एकच सूर धरला, अंगठ्याच्या मांसल भागाने, अगदी हळू, आणि सोडलाच नाही. ताई डोळे मिटून गात होत्या, त्यांनी तोच षड्ज दुप्पट लांब धरला. नंतर चहाच्या वेळी म्हणाल्या, "आज कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं रे." त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी जाड तारांचाच बेस नेतो.

पण सावकाश. भावगीताला प्रत्येक मात्रेवर खर्ज ठोकलात तर गाणं बुडेल. समेवर, कडव्याच्या शेवटी, आलापाखाली, एवढंच.

आवाज सगळा चिखल होतो, काय करू?

बेस नॉब वाढवू नका, कमी करा. मला माहीत आहे उलट वाटतं. आपला कान ३० हर्ट्झला फार कमी ऐकतो, खालची तार वाजली की आपण मुख्यतः तिचे दुसरे-तिसरे हार्मोनिक ऐकतो, ६२, ९३ वगैरे, आणि मेंदू त्यावरून खालचा सूर जुळवून घेतो. म्हणून मिड वाढवा, साधारण ४०० ते ८०० हर्ट्झमध्ये थोडं उचला, सूर ओळखू येतो. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं हायपास फिल्टरने कापून टाका, तिथे सूर नाहीच, नुसती हवा हलते आणि अँप दमतो.

हातही बदला. हलकं छेडा आणि ब्रिजच्या जवळ सरका, तिथे तार ताठ वाटते. पिकने वाजवायला लाज वाटून घेऊ नका. आणि ड्रमरशी बोला: किकचा जोर बहुतेक ५०-६० हर्ट्झवर असतो, तुम्ही ३२ वर गेलात की किक तुमच्या वर बसते, मग कोण तळात आणि कोण त्याच्यावर हे दोघांनी ठरवून ईक्यू (कुठली पट्टी उचलायची, कुठली कापायची ते) लावा.

छोट्या अँपवर वाजवलं तर स्पीकर फाटेल का?

हळू वाजवलंत तर काही होत नाही, फक्त खालचं ऐकूच येणार नाही, आठ इंची स्पीकर ६०-७० च्या खाली फारसं काही देत नाही. धोका तेव्हा जेव्हा ऐकू येत नाही म्हणून तुम्ही बेस आणि व्हॉल्यूम दोन्ही वाढवता, कोन नुसता पुढे-मागे आपटायला लागतो. फट-फट असा आवाज आला की तिथल्या तिथे कमी करा. घरी हेडफोन लावा, खालचे सूर त्यातच खरे ऐकू येतात.

सोसायटीत प्रॅक्टिस करता येते का?

हेडफोनवर. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. ३१ हर्ट्झच्या लाटेची हवेतली लांबी ११ मीटर भरते, आपला हॉल दहा बाय पंधरा फुटांचा, ती भिंतीत आणि स्लॅबमध्ये शिरणारच. मी बी तार पहिल्यांदा अँपवर वाजवली तेव्हा आमच्या शोकेसमधल्या स्टीलच्या वाट्या एका विशिष्ट सुरावरच किणकिणायला लागल्या, मी फ्रेट बदलला की थांबायच्या, परत तिथे आलो की सुरू. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "आवाज येत नाही रे, पण भांडी वाजतात." काकूंचं नातवंड तेव्हा चार महिन्यांचं होतं. त्यानंतर घरी अँप लावलेला नाही.

पाच तारांचाच बेस घेऊ का सरळ?

कायम खालचं आणि वरचं दोन्ही लागत असेल, ऑर्केस्ट्रात तीन तास वेगवेगळ्या पट्ट्या असतील, तर हो, घ्या. घेताना बी तार अँपशिवाय वाजवून बघा, बाकी तारांसारखीच लांब टिकते का ते ऐका, बऱ्याच स्वस्त पाच तारी बेसवर ती पटकन मरते. स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, ३४ इंचाऐवजी ३५ असेल तर त्याच तारेवर ताण साधारण ६ टक्के जास्त मिळतो, फरक कळतो. डिंगवॉलसारख्या कंपन्या तर तिरके फ्रेट लावून जाड तार ३७ इंच आणि पातळ तार ३४ ठेवतात.

पण ज्याच्याकडे चांगला चार तारी आहे, हात त्यावर बसलाय आणि पैसे मोजकेच आहेत, त्याने तारा आणि नट यावरच खर्च करावा.

माझा शॉर्ट स्केल आहे, ३० इंची.

त्याच तारेवर ताण आधीच २२ टक्के कमी असतो, त्यामुळे ड्रॉप डी पर्यंत ठीक, त्याच्या खाली त्रास होतो. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्याच्या गुळगुळीत, तारा थोड्या ताठ असतात, त्या लावून बघा.

पंचमात लावलेला बेस म्हणजे काय?

सी-जी-डी-ए, प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमावर, चेलोसारखं. जॅझमधला रेड मिचेल १९६६ पासून त्याचा डबल बेस असाच लावायचा. यात खालचा सी पण मिळतो आणि वरचा ए पण, म्हणजे दोन्ही बाजूंना जास्त जागा. तारा मात्र सुट्या जमवाव्या लागतात, जाड सी, जरा जाड जी, डी आहे तीच, आणि वरच्या ए साठी नेहमीच्या जी पेक्षा पातळ. बोटं फार ताणावी लागतात. मी एक महिना लावून ठेवला होता, आवाज फार मोकळा वाटतो, मोकळ्या तारा एकमेकींना साथ देतात, पण ऑर्केस्ट्रात चालू गाण्यात माझी बोटं चुकीच्या घरात जायला लागली तेव्हा काढला. वेळ असेल तर जरूर करून बघा.

तारा कुठे मिळतात?

चार तारांचे सेट ठाण्यात-वाशीत मिळतात, पाच तारांचा विशिष्ट गेज हवा असेल तर आधी फोन करून विचारा, नाहीतर धोबीतलावला फुर्ताडोजपर्यंत फेरी मारायची तयारी ठेवा. ऑनलाइन घेताना लाँग स्केल लिहिलंय का ते वाचा.

पावसाळ्यात ट्यूनिंग सारखं का हलतं?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतकं पाणी असतं की लाकूड फुगतं आणि नेक वाकते, आणि सैल तारांवर ते लगेच कळतं. वाजवून झालं की कोरड्या सुती कपड्याने तारा खालून-वरून पुसा, बेस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. मी वर्षातून दोनदा सेटअप बघतो, जुलैत आणि डिसेंबरात. जुन्या तारा खालच्या सुरात सगळ्यात आधी मरतात, जाड तारेच्या वेटोळ्यात घाम आणि मळ बसतो आणि ती एका लांबीला एक आणि दुसऱ्या लांबीला दुसरी वागते, मग इन्टोनेशन कितीही लावा, लागत नाही.

स्टेजवर मधेच ट्यूनिंग बदलायचं असेल तर?

ड्रॉप डी साठी हिपशॉट कंपनीची खटका असलेली चावी मिळते, खटका ओढला की ई ची डी, परत ढकलला की ई. याहून मोठा बदल असेल तर दुसरा बेस न्या किंवा गाण्यांचा क्रम असा लावा की खालची गाणी एकत्र येतील. दोन-तीन सुरांचा बदल दोन गाण्यांच्या मध्ये केलात तर पहिल्या कडव्याभर तार सरकत राहते. पिच शिफ्टचं पेडल पण आहे, अर्ध्या-एका सुरासाठी चालतं, जास्त खाली नेलं की आवाज उशिरा आल्यासारखा वाटतो.

परत स्टँडर्डला यायचं असेल तर येता येतं का?

येता येतं. जुन्या गेजच्या तारा लावा, रॉड परत तपासा, सॅडल पुढे आणा. अडचण फक्त नटची, रुंद केलेल्या खाचेत १०५ ची तार आडवी हलते आणि टिक-टिक आवाज येतो. म्हणूनच वर म्हटलं की मूळ नट फेकू नका. माझा मी छोट्या प्लास्टिकच्या पुडीत घालून गिगबॅगच्या पुढच्या कप्प्यात ठेवलाय, ॲलन कीच्या शेजारी, पुडीवर मार्करने बेसचं नाव लिहून.